विडी, सट्टेदार आणि मालक : भंडाऱ्यातील एका साखळीचा शोध

आमच्या घरी एक सूप अजून जपून ठेवले आहे. धान्य पाखडायचे नव्हे. आजी ते मांडीवर घेऊन विड्या वळायची. तंबाखूचा तपकिरी डाग त्यात इतका मुरला आहे, की धुऊनही जात नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिने उभे आयुष्य विड्या वळण्यात काढले. हजार विड्या घेऊन ती सट्टेदाराकडे जायची. तो त्यातल्या काही बाजूला सारून म्हणायचा, ‘ही छाट.’ छाटीचे पैसे मिळत नसत आणि छाटलेल्या विड्याही परत मिळत नसत. ‘आजी, त्या विड्याचं तो काय करते?’ असे मी लहानपणी विचारले, तेव्हा ती सूत तोडता तोडता म्हणाली, ‘विकते. दुसरं काय?’

पुढे कामगार कायद्यांचा इतिहास वाचू लागलो आणि तिचे ते उत्तर पुन्हा पुन्हा आठवत राहिले. आज जगभर ‘आधुनिक गुलामगिरी’ची चर्चा आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना आपल्या व्यवसायात आणि पुरवठ्याच्या साखळीत गुलामगिरी राहू नये म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. साखळीच्या शेवटच्या हाताची जबाबदारी कोणाची, हा त्यामागचा प्रश्न. मात्र तो नवा नाही. आमच्या मुलखात विडीच्या निमित्ताने तो कितीतरी आधी कोर्टात आणि कायदेमंडळात लढला गेला.

भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत त्याचाच भाग होता. गावे मालगुजारांची. भूमिहीन माणसापुढे एकच वाट होती : उचल घेऊन सालगडी होणे. उचल फिटली नाही की पुढचे सालही त्याच दारात. मालगुजाराची बेगार वेगळीच. या व्यवस्थेत विडी आली, ती जंगलातल्या तेंदूपानाच्या आणि रेल्वेने येणाऱ्या तंबाखूच्या आधाराने. दलित आणि भूमिहीन कुटुंबांना पाटलाच्या वाड्याबाहेरचा पैसा प्रथम तिने दाखवला, हे विसरून चालणार नाही. कामठीचे बाबू हरदास यांनी विडी मजुरांना संघटित केले, त्यामागेही ही नवी मोकळीक आणि तिच्यातले नवे शोषण दोन्ही होते.

शोषण किती खोल होते, हे व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालावरून कळते. देशातल्या लहान, अनियंत्रित कारखान्यांत पाच वर्षांची मुलेही दहा-बारा तास राबताना आयोगाला आढळली. आईबापांनी उचल घेऊन मुलांचे श्रम गहाण टाकल्याचे पुरावेही त्याच्यापुढे आले. त्यांत विडीचे कारखाने होते. त्यातून १९३३ चा बालश्रम गहाण प्रतिबंधक कायदा झाला. गहाण टाकणाऱ्या पालकाला ५० रुपयांपर्यंत दंड, मुलाला राबवणाऱ्या मालकाला २०० रुपयांपर्यंत. मध्य प्रांताने १९३७ मध्ये विडी, लाख आणि कातडी कमावणे या तीन धंद्यांतील अनियंत्रित कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. पण कारखान्याला नियम लागू झाले, की काम घराघरांत पसरवणे मालकाला सोयीचे ठरते. घरात तपासनीस येत नाही.

यानंतरचे वळण मला सर्वांत बोलके वाटते. १९४८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने एक कायदा केला. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या बनवण्यास बंदी घालण्याचा अधिकार त्याने जिल्हाधिकाऱ्याला दिला. उद्देश उघडपणे लिहिला होता : विडीच्या भागांत शेतीला पुरेसे मजूर मिळावेत. म्हणजे वाड्यातून निसटलेल्या हातांना पुन्हा बांधावर नेण्याची सोय सरकारने केली. सागर जिल्ह्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५० मध्ये तो रद्द ठरवला. शेतीचे काम ज्यांच्याने होणारच नाही, अशा म्हाताऱ्या बायका, मुले, अपंग यांचीही रोजी ही बंदी हिरावून घेते, हे न्यायालयाने दाखवून दिले. धंद्याच्या स्वातंत्र्यावरचा हा निकाल आजही उद्धृत होतो.

वाडा सुटला, तरी सट्टेदार होताच. पान-तंबाखू मालकाचा, छाप मालकाची, नफा मालकाचा. पण मजुराला तोंड दिसायचे ते सट्टेदाराचेच. मोजून दिलेल्या पानांत आणि तंबाखूत हजार विड्या होत नसत. तूट बाईने पदरच्या पैशाने पाने आणून भरायची, नाहीतर ती हिशेबात कापली जायची. मग पुन्हा उचल. १९५८ मध्ये सागरच्याच एका कारखान्याच्या खटल्यात सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, कारखान्याचे कामगार नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १९६० च्या अखेरीस नागपूरच्या विडी कारखान्याच्या खटल्यात मात्र तिथे बसून विड्या वळणारे मजूर कामगार ठरले. उशिरा येणाऱ्याला तंबाखू न देणे आणि वाईट विडी नाकारणे हे मालकाच्या हाती होते. त्याचे नियंत्रण न्यायालयाने त्यावरून ओळखले. कारखान्यातल्या मजुराचा असा निकाल लागला, घरी वळणारी बाई मात्र बाहेरच राहिली.

तिला कायद्यात जागा मिळाली ती १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने. घरी वळणारीही कामगार, आणि सट्टेदाराच्या मागचा खरा मालक हा ‘मुख्य मालक’. छाटीवरचा वाद अधिकाऱ्याकडे नेण्याची वाटही त्याने करून दिली. मालकांनी कायद्याला आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. ब्रिटनने निवेदने मागायच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी आपल्या कायद्याने साखळीच्या वरच्या टोकावर जबाबदारी टाकली होती.

पळवाटही लगेच निघाली. मजूर माल विकत घेतो आणि विड्या विकतो, अशी कागदावर खरेदी-विक्री दाखवली, की मालक-कामगार नातेच उरत नाही. १९७६ च्या कायद्यांनी विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. पण ओळखपत्र नसेल, तर दवाखाना, घरकुल, मुलांची शिष्यवृत्ती सारेच दूर. आजीच्या सट्टेदाराच्या वहीत मोजकीच नावे होती. बाकीच्या बाया दुसऱ्याच्या नावावर वळायच्या. तिला ओळखपत्र शेवटपर्यंत मिळाले नाही.

त्याच १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा वाचताना मी एका कलमाशी थांबलो. कर्जापोटी दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे ही वेठ तर आहेच. पण आपल्या श्रमाचे फळ बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणे हीसुद्धा त्या व्याख्येत येते. मला छाट आठवली. १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे हे सक्तीचे श्रमच, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९९९ मध्ये मुलांच्या वेठीच्या कारणावरून एका भारतीय विडी उत्पादकाचा माल अमेरिकेच्या कस्टम्सने अडवला. इथला तपासनीस ज्या घरात पोचत नव्हता, त्या घराची गोष्ट परक्या बंदरात पोचली होती.

आजी वेठबिगार होती का? साखळदंड नव्हता; कायद्याच्या कोर्टात मी ते सिद्ध करू शकणार नाही. पण वेठ रोखण्याचे उपाय तिच्या सुपाइतके साधे होते, हे मला कळते : तंबाखू तिच्यासमोर तोलावा, वहीत तिचेच नाव असावे, उचलीचा हिशेब तिला वाचून दाखवावा, आणि छाटलेली विडी तिच्या हाती परत द्यावी किंवा तिच्यासमोर मोडून टाकावी. कंपन्यांची निवेदने वाचताना यांतले एकतरी त्यांत आहे का, एवढेच मी आधी शोधतो.