लोकरीचे पोर्ट्रेट: सुईने टोचून चेहरा कसा उभा राहतो, आणि खानदेशची लोकर त्यात कुठे बसते?

पावसाळा सरला की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या शिवारात मेंढपाळांचे वाडे दिसू लागतात. ठेलारी मेंढपाळ शेतात कळप बसवतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य किंवा पैसे. या व्यवहारात लोकरीला मात्र जवळजवळ जागा नाही. मेंढरे कातरावी तर लागतातच, पण कातरणीची मजुरीसुद्धा लोकर विकून सुटेल याची खात्री नसते. मग कातरलेली लोकर बऱ्याचदा बांधावरच पडून राहते.

दुसरीकडे, हौशी कलाकार रंगीत मेरिनो लोकरीची पाकिटे ग्रॅमच्या भावाने विकत घेतात आणि त्यातून माणसांचे, कुत्र्यांचे, घोड्यांचे हुबेहूब चेहरे तयार करतात. या कलेला नीडल फेल्टिंग म्हणतात. बांधावरची लोकर आणि पाकिटातली लोकर यांत एवढा फरक का, आणि खानदेशातली लोकर या कामाला चालेल का, हे समजण्यासाठी आधी फेल्ट म्हणजे काय ते पाहू.

न विणता कापड

लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात. त्यांची तोंडे टोकाच्या दिशेने असतात. कोमट पाणी, साबण आणि चोळणे मिळाले की तंतू एकाच दिशेने सरकतात, एकमेकांत गुंततात आणि मागे फिरू शकत नाहीत. स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर लहान मुलाच्या मापाचा होतो, तो याच कारणाने. सुती किंवा नायलॉनच्या धाग्याला असे खवले नसल्याने त्याचे असे होत नाही.

माग न वापरता नुसती दाबून केलेली ही चादर म्हणजे फेल्ट. काश्मीर आणि राजस्थानातला नमदा हेच, आणि आपल्याकडे बसायला, अंथरायला वापरले जाणारे जाड लोकरी जेनही हेच. घोंगडी मात्र विणलेली असते; दोन्ही लोकरीच्या असल्या तरी जाती वेगळ्या.

फेल्टवर माणसाची आकृती काढणे नवे नाही. सैबेरियातील अल्ताई पर्वतात, पाझिरिक येथील थडग्यांत, बर्फामुळे टिकलेला सुमारे 2,300 ते 2,500 वर्षांपूर्वीचा एक प्रचंड फेल्टचा पडदा सापडला. त्यावर आसनावर बसलेली व्यक्ती आणि तिच्यासमोर घोडेस्वार दिसतो. स्वाराच्या मिशीचा आकडासुद्धा दिसतो. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. पण त्या आकृती फेल्टचे तुकडे कापून जोडलेल्या आहेत. सुईने टोचून रंग मिसळण्याचे तंत्र फार अलीकडचे: कारखान्यात गाद्यांचे अस्तर करणाऱ्या यंत्रांत अशा हजारो सुया आधीपासून होत्या, त्यातली एक हातात धरून कलाकाम करण्याची कल्पना अमेरिकेत 1980 च्या दशकात रुजली.

सुई काय करते

ही सुई शिवणाची नाही. तिला नेढे नसते. पाते बहुधा तिधारी असते आणि कडांवर खाली तोंड केलेल्या बारीक खाचा असतात. टोचली की खाचा वरचे तंतू धरून आत ढकलतात. ओढली की सुई रिकामी बाहेर येते. पाणी नाही, साबण नाही. ज्या जागी जास्त टोचाल ती जागा घट्ट आणि खोल होते. डोळ्याची खोबण, ओठाखालची सावली हे सगळे याच नियमावर.

सुयांना क्रमांक असतात आणि तो उलटा चालतो: क्रमांक मोठा, सुई बारीक. सुरुवातीला 36, मधल्या कामाला 38, शेवटच्या बारकाव्यांना 40 किंवा 42. सुई सरळ घालायची आणि त्याच रेषेत बाहेर काढायची. आत असताना वाकवली की टोक मोडून लोकरीत राहते, आणि पुढचा टोचा त्यावर बसला की दुसरी सुईही जाते. बोटांत ती शिरते तेव्हा खाचांमुळे नुसत्या टोचण्यापेक्षा बरेच जास्त दुखते. मोबाइलवर मालिका बघत हे काम करू नये.

चेहरा उभा करताना

समजा काठीच्या राजवाडी होळीतला बुध्या करायचा आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या या होळीत बुध्या मोरपिसांचा उंच टोप घालतात, अंगावर पांढरी नक्षी रंगवतात, कमरेला भोपळे बांधतात. ढोलाच्या तालावर रात्रभर नाच चालतो. फोटो निवडताना पहिली चूक इथेच होते. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत चेहरा सपाट होतो. एका बाजूने उजेड असलेला फोटो घ्यावा.

फोटो मोबाइलमध्येच कृष्णधवल करावा आणि उजेड-सावलीच्या चार-पाच पायऱ्या वेगळ्या ओळखाव्यात. रंग चुकला तरी चेहरा ओळखू येतो. सावली चुकली तर माणूस बदलतो. मग जाड लोकरी कापडावर किंवा तयार फेल्टवर बाह्यरेषा उतरवायची, खाली फोम ठेवायचा आणि मधल्या छटेचा पातळ थर सगळ्या चेहऱ्यावर बसवायचा. त्यावर आधी गडद भाग: डोळ्यांच्या खोबणी, नाकाची बाजू, हनुवटीखाली. उजळ भाग नंतर.

अंगाच्या रंगाची अडचण मात्र खरी आहे. बाजारात ‘स्किन’ नावाने मिळणारी लोकर गुलाबी असते. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्याला तपकिरी, गेरू आणि थोडी जांभळट किंवा निळसर छटा हाताने पिंजून एकत्र करावी लागते. दोन बोटांनी ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची. पूर्ण एकजीव होण्याआधी थांबावे, कारण त्या अर्धवट मिसळलेल्या तंतूंमुळेच कातडी जिवंत वाटते. सावळ्या गालावरची चमक शुभ्र पांढऱ्याने दाखवली तर पीठ लागल्यासारखे दिसते. तिथे फिकट गेरू किंवा निळसर राखाडी चालते. बुध्याच्या अंगावरची पांढरी नक्षीही अशीच, उजेडात पांढरी आणि सावलीत राखाडी करायची.

लोकर नेहमी स्नायूंच्या वळणाने ठेवावी. गालाचे तंतू आडवे लावले तर गाल पट्टी मारल्यासारखा दिसतो, मग रंग कितीही बरोबर असो.

सुधारणा हेच निम्मे काम

लोकरीत खोडरबर नाही, पण सवलत आहे. हलके टोचलेला थर चिमट्याने उचलता येतो. खोल टोचलेला निघत नाही, ओढला तर खालचे सगळे घेऊन येतो. म्हणून चेहऱ्याची जुळणी पटेपर्यंत सगळे अर्धवटच बसवायचे. नवशिके नेमके उलट करतात: एक डोळा पूर्ण, घट्ट, पापणीसकट करतात आणि मग दुसरा त्याच्या रेषेत बसत नाही म्हणून रडतात. दोन्ही डोळे एकत्रच पुढे न्यावेत.

चूक शोधायला काम आरशात पाहावे, उलटे धरावे किंवा फोटो काढून मूळ फोटोशेजारी ठेवावे. हाताखालच्या कामाला आपला डोळा सरावतो, आरशातले प्रतिबिंब मात्र परके वाटते आणि वाकडे नाक लगेच सापडते. बुबुळातला उजेडाचा ठिपका सगळ्यात शेवटी, मोहरीएवढ्या पांढऱ्या लोकरीचा, आणि दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. शेवटी सर्वांत बारीक सुईने वरवर टोचत पृष्ठभाग गुळगुळीत करायचा आणि उभे राहिलेले तंतू कात्रीने कापायचे.

आणि आपली लोकर?

खानदेशातली मेंढरे मुख्यतः दख्खनी प्रकारातली. त्यांची लोकर जाडीभरडी, केसाळ असते. मेरिनोचा तंतू साधारण 17 ते 24 मायक्रॉनचा, दख्खनीचा त्याहून बराच जाड. अशी लोकर गालावर लावली तर दाढीसारखी उभी राहते. चेहऱ्याच्या कातडीला ती नको, हे मान्यच करावे.

पण केस, मिशी, भुवया आणि जनावराची आयाळ यांना मऊ मेरिनोपेक्षा ती जास्त शोभते. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या एखाद्या काळ्या घोड्याचे चित्र करायचे तर आयाळीला दख्खनी काळी लोकरच घ्यावी. ती रंगवलेल्या काळ्यासारखी एकसुरी नसते; उन्हाने टोके तांबूस झालेली असतात. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ आणि ती वेगळी ठेवली तर बाकी चित्रातही मिसळता येते. चित्राखालचा जाड पायाही या लोकरीचा होऊ शकतो.

कच्ची लोकर आधी गोखरू आणि कुसळे निवडून, रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून, अजिबात न चोळता धुवावी. चोळली की तिथेच फेल्ट झाली समजा. सावलीत वाळवून मग पिंजावी.

यातून मेंढपाळाचा प्रश्न सुटेल का? हिशेब करून पाहा. एका मेंढीपासून वर्षाला साधारण अर्धा किलो धरली तर शंभरांच्या कळपाची 50 किलो होते. एका चित्राला पायासकट 100 ग्रॅम लागली तरी एका कळपाची लोकर संपायला वर्षाला 500 चित्रे हवीत. एवढी चित्रे कोणी करत नाही. लोकर खपेल ती घोंगडी, जेन, नमदा, गालिचे यांत. चित्रकाराची मदत वेगळी आहे: त्याला निवडलेली, धुतलेली, रंगाप्रमाणे वेगळी केलेली लोकर लागते आणि तिला तो किलोचा नव्हे, ग्रॅमचा भाव देतो. ती निवड वाड्यावर कातरणीच्या दिवशीच झाली तर तो पैसा मेंढपाळाच्या घरात जातो, नंतर झाली तर मधल्या माणसाच्या.

तयार चित्र काचेमागे ठेवावे, पण काच लोकरीला टेकू देऊ नये, मध्ये बोटभर जागा हवी. थेट ऊन लागणाऱ्या भिंतीवर रंग उडतो. पावसाळ्यात फ्रेम एकदा उघडून पाहावी: कसर लागली असेल तर बारीक भोके आणि भुसा दिसतो, आणि कसरीला मेरिनो आणि दख्खनी दोन्ही सारखीच आवडते.