मामीचा फॉरेन लाइनचा पास

फुकट प्रवासाचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही, ही आपल्या इतिहासकारांची मोठीच उणीव म्हटली पाहिजे. कुठल्या राजाने कुठला किल्ला कधी घेतला यावर शेकड्यांनी पानं खर्ची पडली. पण कोण कुठून कुठे तिकिटाचे पैसे न देता, आणि तरीही राजरोस, जाऊन आला, यावर एक ओळ सापडेल तर शपथ. हे काम मी अंगावर घेतो आहे त्याला कारण एवढंच की मी शिरूरचा आणि माझे मामा दौंडचे.

शिरूरला, म्हणजे आम्हा जुन्या मंडळींच्या घोडनदीला, रेल्वे नाही. आमची सगळी भिस्त एस.टी.वर, आणि एस.टी.चा कंडक्टर ‘फुकट’ या शब्दाकडे जन्मापासून संशयाने बघत आलेला. २०२२ साली सरकारने पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत केली हे खरं; पण मला त्यासाठी अजून चार वर्षं टिकून राहायचं आहे.

दौंडचं तसं नाही. दौंड हे गाव भीमेच्या काठी आहे असं भूगोल म्हणतो. प्रत्यक्षात ते रुळांच्या काठी आहे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा जी.आय.पी. रेल्वेचा मुख्य रस्ता तिथून गेला, १८७८ साली तिथून मनमाडचा फाटा निघाला, पुढे बारामतीची छोटी गाडीही तिथेच येऊन टेकली. इंग्रजांच्या जिभेला ‘दौंड’ झेपेना म्हणून त्यांनी त्याचं ‘धोंड’ केलं आणि कागदोपत्री आमचं आजोळ बरीच वर्षं धोंडच राहिलं. गावातली निम्मी माणसं रेल्वेत आणि उरलेली निम्मी त्यांची पाहुणे, असा साधारण हिशोब.

दौंडचा खरा महिमा मात्र तोंड फिरवण्याचा. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात आली की इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळाने डुलत डुलत पार शेपटाकडे जायचं आणि शेपटाचं डोकं व्हायचं. पुण्यापासून तोंडावर वारा घेत आलेला माणूस दौंडनंतर पाठमोरा नगरला पोचायचा. नवा प्रवासी घाबरून विचारायचा, ‘‘अहो, गाडी परत पुण्याला चालली की काय?’’ मग डब्यातले सगळे जाणते लोक मिळून त्याला समजावायचे. आता कॉर्ड लाइन झाली, काही गाड्या दौंडाला बगल देऊन परस्पर जातात आणि तो समजावण्याचा आनंद गेला.

मामा मालगाडीचे गार्ड. त्यांना वर्षाला ठरावीक संख्येने पास मिळत. हा पास म्हणजे एक कागद. पण मामीने तो सत्यनारायणाच्या पोथीबरोबर ट्रंकेत ठेवलेला असायचा, यावरून त्याची योग्यता ओळखावी. त्यावर कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, कुठून कुठे आणि कुठल्या मार्गाने हे सगळं लिहिलेलं. मार्गाला फार महत्त्व. रामेश्वरला जायचं तर ‘व्हाया’ काय टाकलं म्हणजे वाटेत पंढरपूरही पदरात पडेल, याचा विचार मामा दोन-दोन महिने पेन्सिलीने करीत. त्या पासावर मी कधीही बसलो नाही. रेल्वेच्या व्याख्येत भाचा कुटुंबात बसत नाही. मामा दरवर्षी हळहळायचे आणि दरवर्षी मला दौंड स्टेशनवर निरोप द्यायला घेऊन जायचे.

मामांचे वडील जी.आय.पी.तले. त्यांच्या काळची गंमत और. तेव्हा रेल्वे ही एक नव्हे, अनेक कंपन्यांची. स्वतःच्या कंपनीची ती ‘होम लाइन’ आणि बाकीच्या सगळ्या ‘फॉरेन’. मुंबईहून अहमदाबादला जायचं तर ती बी.बी. अँड सी.आय. रेल्वे, म्हणजे फॉरेन. या हिशोबाने आजोबा धोतर-कोट घालून, डब्यात दशम्या घेऊन फॉरेनला जाऊन आलेले होते आणि तसं सांगतही. १९५१ साली सगळ्यांची मिळून मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे अशी खाती झाली आणि आमच्या घराण्याचं फॉरेन एकाएकी स्वदेशात आलं.

आता कुणी विचारील, एका कंपनीचा माणूस किंवा माल दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून गेला तर त्याचे पैसे कुणी कुणाला द्यायचे? हाच प्रश्न विलायतेत पडला तेव्हा १८४२ साली लंडनमध्ये ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ नावाचं एक कार्यालय निघालं. तिकीट कुणीही विकलेलं असो, कुणाच्या रुळांवर किती अंतर झालं ते बघून पैशांची वाटणी करायची, हे त्याचं काम. जंक्शनांवर माणसं उभी करून परक्या वाघिणींचे नंबर टिपून घेत. (टिपणारे पावसात भिजत असणार, त्यांचा इतिहासही कुणी लिहिलेला नाही.) विमानं आली तेव्हा कंपन्यांनी हेच केलं. १९४७ पासून आंतरराष्ट्रीय विमान संघटनेचं स्वतःचं क्लिअरिंग हाउस चालू आहे. एकाने तिकीट विकावं, दुसऱ्याने उडवावं आणि महिन्याअखेर दोघांनी हिशोब करावा.

हे एवढं सांगायचं कारण, आजच्या विमानातल्या फुकट प्रवासाचं मूळ इथे आहे.

१९७८ साली अमेरिकेत विमान कंपन्यांवरचे भाड्याचे आणि मार्गांचे सरकारी निर्बंध उठले. जो तो दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवायला लागला. तेव्हा १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने जाहीर केलं की आमच्या विमानाने जितके मैल जाल तितके आम्ही वहीत मांडून ठेवू आणि पुरेसे साठले की एक प्रवास फुकट देऊ. काही दिवसांतच युनायटेडने तेच केलं, मग सगळ्यांनीच. कल्पना तशी जुनी. १८९६ पासून अमेरिकेतले दुकानदार खरेदीवर हिरवी तिकिटं देत. ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की चहाचा सेट घ्यायचा. आपल्याकडेही चहाच्या पुड्यांवरची कुपनं साठवून बरण्या मिळवलेल्या गृहिणींना यात नवीन काही वाटणार नाही.

पुढे पुढे मैल मिळवायला विमानात बसण्याचीही गरज उरली नाही. हॉटेलात उतरा, मैल. भाड्याची मोटार घ्या, मैल. क्रेडिट कार्डावर भाजी घ्या, मैल. १९९९ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअरने खाद्यपदार्थांच्या एका कंपनीची मैलांची जाहिरात नीट वाचली (जाहिरात नीट वाचणारा माणूस किती दुर्मिळ!) आणि पुडिंगचे १२,१५० डबे विकत घेतले. सुमारे ३,१०० डॉलर खर्चले आणि साडेबारा लाख मैल पदरात पाडले. डब्यांवरच्या पट्ट्या सोलायला माणसं कुठून आणायची? त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान केलं आणि तिच्या स्वयंसेवकांनी ते सोलून दिलं. म्हणजे पुण्यही गाठी आणि मैलही. आपल्याकडे असता तर त्याचं नाव एखाद्या व्रताच्या कहाणीत आलं असतं.

आणि मग भागीदारी. १४ मे १९९७ रोजी युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, थाई आणि स्कँडिनेव्हियन या पाच कंपन्यांनी ‘स्टार अलायन्स’ काढली. मैल एकीच्या वहीत साठवा आणि दुसरीच्या विमानात उडवा. दोन वर्षांनी ‘वनवर्ल्ड’, त्याच्या पुढल्या वर्षी ‘स्कायटीम’. आपली एअर इंडिया ‘स्टार’मध्ये जाणार, जाणार म्हणत ११ जुलै २०१४ला गेली.

आपल्याकडच्या वह्यांचं काय झालं, तेही इतिहासात नोंदवलं पाहिजे. किंगफिशर २०१२च्या ऑक्टोबरात जमिनीवर बसली आणि तिच्या वहीतले मैल हवेत राहिले. जेट १७ एप्रिल २०१९ला थांबली. तिची वही नाव बदलून काही काळ चालली, पण ज्या विमानांसाठी ती उघडली ती विमानं नव्हती. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ला एअर इंडियात मिसळली, तेव्हा सभासदांचे पॉइंट मात्र नव्या घरी नीट नांदायला आले. मैल म्हणजे ठेव नव्हे. ठेवीला निदान व्याज मिळतं. मैलांचा भाव कंपनी ठरवते आणि रात्रीतून बदलतेही. पूर्वी कुठून कुठे किती मैल लागतील याचा तक्ता छापलेला असायचा. २०१५ साली डेल्टाने तक्ताच काढून टाकला, २०१९ मध्ये युनायटेडने आपल्या विमानांपुरता काढला. आता मैलांचे दर कोथिंबिरीसारखे झालेत, सकाळी एक आणि संध्याकाळी भलतेच.

हे सगळं मला गेल्या वर्षी शिकावं लागलं ते मामीपायी. मामा जाऊन पंधरा वर्षं झाली. मामी एक्याऐंशीची, दौंडातच. तिचा एकुलता एक सुधाकर शिकागोजवळ असतो. दिवाळीला येणार होता. दसऱ्याच्या आधीच त्याची बायपास झाली आणि डॉक्टरांनी सहा महिने विमानाचं नाव काढू नका म्हणून बजावलं. फोनवर तो दिसायचा, बोलायचा. मामी हूं हूं करायची. मग एक दिवस मला बोलावून घेतलं. मी न्हावरे-चौफुला करीत एस.टी.ने दौंड गाठलं.

‘‘मला त्याला बघायचंय,’’ मामी म्हणाली. ‘‘फोनात नाही. हात लावून.’’

व्हिसा आधीच्या खेपेचा होता. पण महिनाभर सुट्टी आणि हॉस्पिटलची बिलं यांत सुधाकरचं घर टेकीला आलेलं. आणि विमानाचे दर ऐन सीझनचे. तेव्हा त्याची बायको म्हणाली, ‘‘भाऊजी, यांचे ऑफिसच्या फिरतीचे अडीच लाख मैल पडलेत. त्यातून आईंचं तिकीट निघेल. पण आपल्या कंपनीचं विमान सोयीचं नाही. पार्टनर कंपनीचं मिळतंय का ते बघावं लागेल.’’

आता हे मामीला समजावायचं कसं, या विवंचनेत मी पार्टनर, अलायन्स वगैरे अर्धा तास बोललो. मामी शांतपणे गवार मोडत होती. शेवटी म्हणाली, ‘‘म्हणजे पास होम लाइनचा आणि प्रवास फॉरेन लाइनने. एवढंच ना?’’

एवढंच. मी वाचलेल्या सगळ्या माहितीत इतकी नेमकी व्याख्या कुठे नव्हती. मग तिने दुसरा प्रश्न विचारला: ‘‘दौंड-मनमाड किती रे मैल?’’ दीडशेच्या आत-बाहेर, मी म्हटलं. तिने गवारीवरची नजर न काढता हिशोब केला. ‘‘म्हणजे तुझ्या मामांचे अडीच लाख तर कधीच झाले असतील. त्यांना कुणी एक मैल दिला नाही. ब्रेकव्हॅनमध्ये बसायला धड खुर्चीसुद्धा नव्हती.’’

पुढचे अठरा दिवस सुनेची तिकडे आणि माझी इकडे झोप उडाली. पार्टनरच्या विमानात जागा रिकाम्या असतात, पण त्या सगळ्या आपल्याला दिसत नाहीत. विकून उरतील असं वाटतं तेवढ्याच दोन-चार जागा ती कंपनी भागीदारांपुढे ठेवते. कारण त्या जागेचे भागीदाराकडून तिला मिळणारे पैसे बाजारभावापेक्षा बरेच कमी. वर्षभर आधी बघा, नाहीतर अगदी आयत्या वेळी. मधल्या काळात शुकशुकाट. त्यात एक प्रकार असा की पडद्यावर जागा दिसते, आपण नाव-गाव भरतो, आणि शेवटचं बटण दाबलं की ‘ही जागा उपलब्ध नाही’. भुताची जागा. अशी भुतं आम्हाला तीनदा दिसली. फोन करावा तर त्या कंपनीत (नाव घेत नाही, अजून परतीचा प्रवास व्हायचा आहे) पाऊण तास सतार ऐकवतात आणि मग फोन कट होतो. त्या रागाला घराणं विचारायची माझी फार इच्छा होती.

अखेर एक जागा मिळाली. मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो, दोन्ही विमानं पार्टनरची. मैल गेलेच, वर कर, अधिभार आणि विमानतळाचे हक्काचे पैसे म्हणून फुकट तिकिटाला काही हजार रुपये रोख पडले. तारीख बघितली तर अमावस्या. मी भीत भीत सांगितलं.

‘‘मामा काय अमावस्या बघून ड्यूटीवर जायचे?’’ मामी म्हणाली आणि मेथीचे लाडू वळायला बसली.

तिकीट छापून तिच्या हातात दिलं तेव्हा तिने चष्मा लावून पहिली गोष्ट बघितली ती मार्ग. फ्रँकफर्टवर बोट ठेवून विचारलं, ‘‘इथे गाडीचं तोंड फिरतं का?’’ फिरत नाही, पण गाडी बदलावी लागते. चाकाच्या खुर्चीवाला माणूस येऊन नेईल, असं सांगितलं. तिकीट पोथीशेजारी ट्रंकेत गेलं.

ती सुखरूप पोचली. दुसऱ्या दिवशी सुधाकरने फोन लावला, तर पडद्यावर अर्धा सुधाकर आणि त्याच्या डोक्यावर मामीचा हात. ‘‘वाळलाय,’’ ती म्हणाली. ‘‘पण बरा आहे.’’ सुधाकर काही बोलला नाही. मीही विमानाचं काहीतरी विचारून वेळ मारून नेली.

विमान ठीक होतं. तक्रार एकच. फ्रँकफर्टला चार तास काढले, तर स्टेशनाबाहेर जाऊन गाव बघू दिलं नाही. पासावर ब्रेक जर्नी असते, मग यावर का नाही? मी म्हटलं, मामी, तिथे बाहेर पडायला वेगळा व्हिसा लागतो.

‘‘मग कसली रे फॉरेन लाइन?’’ मामी म्हणाली. ‘‘मनमाडला निदान बाहेर जाऊन चहा तरी घेता यायचा.’’