तिजोरी : पोलादाची आणि पत्र्याची

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी चोपड्यांबरोबर तिजोरीलाही कुंकवाचे बोट लावण्याची प्रथा व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जुन्या पेढ्यांत ही तिजोरी म्हणजे भिंतीलगत ठाण मांडून बसलेला, चार माणसांनाही न हलणारा पोलादी ठोकळा असे. आज बोईसर, पालघर परिसरातील सदनिकांत तिची जागा कपड्यांच्या कपाटात मावणाऱ्या, अंकांची बटणे असलेल्या आणि काही हजार रुपयांत मिळणाऱ्या पेटीने घेतली आहे. कुंकवाचे बोट आता तिला लागते. नाव तिजोरीच राहिले. परंतु नाव एक म्हणून वस्तूही एकच, असे मानावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता तिजोरीचा इतिहास बराच उद्बोधक ठरतो.

लोखंडी तिजोरी येण्यापूर्वी मौल्यवान वस्तूंची सर्वांत विश्वासू रखवालदार म्हणजे जमीन. भांड्यात घालून पुरलेले धन हा आपल्याकडील गोष्टींचा आवडता विषय, आणि तो निव्वळ कल्पनेतला नव्हे. आपल्या शेजारच्या चिंचणी गावी १९५५ साली जे ताम्रपट मिळाले, त्यांत राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील, इ. स. ९२६ चा ताम्रपट आहे. म्हणजे हजार वर्षे ते तांबे कोणाच्या दृष्टीस पडले नाही. यात धातूच्या मजबुतीचा भाग थोडा, ठिकाण कोणास ठाऊक नव्हते याचाच भाग मोठा. श्रीमंतांच्या वाड्यांत तळघरे आणि भिंतीतील चोरकप्पे असत, त्यांचेही तत्त्व हेच. मात्र ज्याची श्रीमंती जगजाहीर आहे, त्याला लपवाछपवीचा उपयोग नसे. सुरतेचे विख्यात जैन व्यापारी वीरजी व्होरा हे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीलाही कर्ज देणारे सावकार. जानेवारी १६६४ मधील छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुरत मोहिमेत त्यांच्या वाड्यातील सोने, मोती व रोकड गेली, असे तत्कालीन परकीय वृत्तांतांत नमूद आहे. अर्थात ती राज्याराज्यांतील लढाई होती. सैन्यापुढे पेटी काय टिकणार! पण शहाण्या व्यापाऱ्याने सर्व रोकड एका छपराखाली ठेवू नये, हा धडा आपल्या समाजाने हुंडीच्या रूपाने फार पूर्वीच गिरवला होता. कागदाचा तुकडा सुरतेहून आग्र्यास जाई आणि थैली जागच्या जागी राही.

पेढीवर जी रोकड ठेवावीच लागे, तिच्यासाठी लोखंडी पट्ट्या ठोकलेला जड लाकडी पेटारा असे. त्याचे कुलूप गावच्या लोहाराने घडवलेले, म्हणजे फारसे अवघड नव्हे. खरा बंदोबस्त निराळाच होता. पेटाऱ्याला टेकून गादी, गादीवर रात्री निजणारा मेहता, आतल्या खणात नांदते कुटुंब, आणि गल्लीच्या टोकाला गस्त घालणारा भय्या किंवा रामोशी. पेटारा फोडण्यास अर्धा तास लागत असेल, तर त्या अर्ध्या तासात कोणी ना कोणी जागे होई. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कुलपाची विद्या युरोपात एकोणिसाव्या शतकात फार पुढे गेली. इंग्लंडमध्ये जेरेमाया चब याने १८१८ साली असे कुलूप केले की कोणी खोट्या किल्लीने छेडछाड केल्यास ते अडकून बसे आणि मालकास त्याचा सुगावा लागे. जोसेफ ब्रामा याच्या कंपनीने तर आपले कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून, ते उघडणाऱ्यास दोनशे गिनी देऊ, असे जाहीरच केले होते. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ तेथे आला. त्याने चबचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. ब्रामाच्या कुलपास मात्र सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. इंग्लंडात मोठी खळबळ माजली. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतर पाहता त्या प्रसंगाचा अर्थ स्पष्ट दिसतो : न उघडणारे कुलूप नसते, उघडण्यास किती वेळ लागतो एवढाच प्रश्न असतो. एक्कावन्न तास चोराला कोण देणार?

चब, मिलनर अशा विलायती कंपन्यांच्या तिजोऱ्या त्या काळी मुंबईच्या पेढ्यांत येत असत. त्या महाग असत. ही मक्तेदारी मोडण्याचे श्रेय आर्देशिर गोदरेज यांना जाते. ते शिक्षणाने वकील. वकिली सोडली, शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्याचा उद्योग मांडला, तो चालला नाही. अशात मुंबईत घरफोड्या वाढल्याची आणि लोकांनी चांगली कुलपे वापरावीत अशी वर्तमानपत्रातील बातमी त्यांच्या वाचनात आली, असे सांगतात. कर्जाऊ भांडवलावर १८९७ साली त्यांनी लालबाग येथे कुलपांचा कारखाना सुरू केला आणि १९०२ च्या सुमारास पहिली तिजोरी बाजारात आणली. पुढे त्यांचे बंधू पिरोजशा यांनी हा उद्योग विक्रोळीस नेऊन त्याचा मोठा विस्तार केला. स्वदेशीच्या त्या काळात देशी तिजोरी विलायतीच्या तोडीस तोड ठरली, ही लहान गोष्ट नव्हे. एका अयशस्वी उद्योजकाचा हा दुसरा प्रयत्न होता, हे आपल्या तरुण व्यापाऱ्यांनीही लक्षात घ्यावे.

या तिजोऱ्यांची मोठी परीक्षा १४ एप्रिल १९४४ रोजी झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजास आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या, सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि सोन्याच्या विटा असा विलक्षण माल एकत्र भरलेला होता. दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसे दगावली, भोवतालच्या गोदामांची व पेढ्यांची राख झाली. जहाजातील सोने शहरभर उधळले गेले. काही विटा पुढे कित्येक वर्षांनी गोदीतील गाळ काढताना हाती लागल्या. या आगीतून गोदरेजच्या तिजोऱ्या व त्यांतील कागदपत्रे बचावल्याची हकीकत कंपनी पुढे अभिमानाने सांगत राहिली, आणि बाजारात तिजोरीची पत वाढली.

मात्र येथेच एक गैरसमजही रुजला. आगीत टिकते ती तिजोरी चोरापुढेही टिकेल, असे लोक धरून चालले. वस्तुस्थिती तशी नाही. आगीपासून रक्षण करणाऱ्या पेटीच्या दोन पत्र्यांमध्ये उष्णता रोखणारे, ओलावा धरणारे हलके मिश्रण भरलेले असते. आतील तपमान सुमारे १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, म्हणजे कागद करपत नाही, अशी तिची कसोटी असते. हे मिश्रण पहारीपुढे मऊच. घरफोडीस तोंड देणाऱ्या तिजोरीस जाड पोलाद, गिरमिटाला दाद न देणारी कठीण पट्टी आणि कुलपावर घाव बसताच आपोआप अडकणारी दुसरी खीळ लागते. दोन्ही गुण एका पेटीत आणता येतात. पण त्याचे वजन आणि किंमत दोन्ही द्यावी लागतात. शिवाय सोने १०६४ अंशांवर वितळते, त्यामुळे दागिन्यांना आगीचे भय तुलनेने कमी. दस्तऐवज, नोटा आणि मोती यांना अधिक. कोणत्या वस्तूसाठी पेटी घ्यावयाची, हे ठरल्याशिवाय कोणती घ्यावयाची हे ठरत नाही.

दुसरा गैरसमज कपाटाने निर्माण केला. गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटे काढली आणि ती इतकी लोकप्रिय झाली की कोणत्याही कंपनीच्या कपाटास ‘गोदरेजचे कपाट’ म्हणण्याची रीत पडली. लेकीच्या आंदणात असे कपाट असणे प्रतिष्ठेचे झाले. कपाटाच्या आतील कुलूपबंद खणास बायका ‘तिजोरी’ म्हणू लागल्या. गावोगावच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी तशीच कपाटे स्वस्तात बनवली. त्यांचा पत्रा साधारण वीस-बावीस गेजचा, म्हणजे पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा. सुताच्या काउंटप्रमाणेच पत्र्याच्या गेजचाही आकडा वाढला की जाडी घटते. पण कापड घेताना दोन बोटांत पोत चोळून पाहणारा गृहस्थ कपाट घेताना फक्त रंग पाहतो! असे कपाट कपडे ठेवण्यासाठी उत्तम, पण घरफोड्यास पेचकसाचे काम.

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, नवे दागिने चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे करण्यास बंदी झाली आणि सोने ही उघडपणे बोलण्याची वस्तू राहिली नाही. पुढचा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द होईपर्यंत अनेक घरांनी सोने बँकेत नेण्याऐवजी याच कपाटांत, साड्यांच्या घड्यांमागे ठेवणे पसंत केले. ती सवय कायद्याबरोबर गेली नाही.

याच काळात बोईसरचे रूप पालटत होते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, त्यानंतर औद्योगिक वसाहत वाढली, भातखाचरांच्या जागी इमारती आल्या. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी लोकल धावू लागली आणि येथे राहून मुंबईस नोकरी-धंद्याला जाणाऱ्यांची संख्या वाढली. पती-पत्नी दोघे कामावर, मुले शाळेत, आजी-आजोबा गावी : दिवसाचे आठ-दहा तास घरास केवळ दरवाजाचे कुलूप. जुन्या वाड्यातील तो गादीवर निजणारा मेहता आता नाही. उलट, औद्योगिक वसाहतीमुळे गॅस कटर आणि हातात धरून चालवण्याचा ग्राइंडर ही येथे नित्याच्या पाहण्यातील हत्यारे झाली आहेत. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर तर विजेचीही वाट पाहत नाही.

अशा घरात स्वस्त पेटी काय करते ते पाहू. तिचे वजन बहुधा दहा-पंधरा किलो असते. तळाशी व पाठीशी भोके आणि सोबत बोल्ट दिलेले असतात; ते भिंतीत वा लादीत ठोकण्याचे काम मात्र पुष्कळदा ‘पुढच्या रविवारी’ म्हणून राहून जाते. मग चोरास पेटी उघडण्याची गरजच उरत नाही, तो ती पिशवीत घालून नेतो. संपूर्ण घरात विखुरलेला ऐवज मालकानेच एका जागी गोळा करून ठेवलेला असतो. दर्शनी दरवाजा जाड वाटला तरी बाजू पातळ पत्र्याच्या असतात. कारखान्यातून आलेला मूळ सांकेतिक अंक न बदलणारी मंडळीही थोडी नाहीत. बॅटरी संपल्यास उघडण्यासाठी जी आणीबाणीची किल्ली असते, तिचे कुलूप बटणांच्या मागेच आणि अगदी साधे असते. बटणांचा सारा डामडौल त्या एका साध्या कुलपाइतकाच मजबूत.

परदेशांत तिजोरीची प्रत मिनिटांत मोजतात. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीजच्या चाचणीत कसबी माणसे प्रत्यक्ष हत्यारे घेऊन पेटीवर चाल करतात आणि घड्याळ लावून पाहतात. घरगुती पेटीची मूळ कसोटी पाच मिनिटांची, व्यापारी तिजोऱ्यांची पंधरा आणि तीस मिनिटांची. आपल्याकडेही भारतीय मानक आयएस ५५० तिजोऱ्यांसाठी आहे. स्वस्त पेट्यांच्या खोक्यावर ‘हाय सिक्युरिटी’ असे ठळक लिहिलेले असते, पण मानकाचा क्रमांक शोधून सापडत नाही. पाच मिनिटेही कमी नव्हेत, पण केव्हा? शेजारचा दरवाजा उघडा असेल, जिन्यावर वर्दळ असेल, भोंगा वाजत असेल, तर. रिकाम्या मजल्यावर दुपारी दोन वाजता पाच मिनिटांचा अडसर चहा उकळण्याएवढाच. याउलट घरातील गडीमाणूस, पाहुणा किंवा संधी साधणारा भुरटा यांच्यापासून तीच पेटी, पक्की ठोकलेली असल्यास, चांगले रक्षण करते. रोजची रोकड, पासपोर्ट, करारनामे यांसाठी ती घेण्यास हरकत नाही. लग्नाचे सर्व सोने तिच्या भरवशावर सोडून आठ दिवस यात्रेस जाणे ही निराळी गोष्ट.

मग बँकेचा लॉकर? तो निश्चितच सरस, परंतु तेथेही डोळे मिटून चालत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे चोरट्यांनी बँकेशेजारचा गाळा भाड्याने घेऊन, तेथून भुयार खणून सुमारे तीस लॉकर फोडले. दार पोलादाचे, पण जमीन जमिनीचीच. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१ मधील निकालानंतर रिझर्व्ह बँकेने काढलेले नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील ऐवज गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढी. हिशेब सोपा आहे. वर्षाचे भाडे दोन हजार असेल, तर भरपाई दोन लाख. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याने एक लाखाचा पल्ला ओलांडला, म्हणजे ही रक्कम दोन तोळ्यांनाही पुरत नाही. आत काय होते याची नोंद बँकेकडे नसते, ती आपल्याकडेच हवी : सराफाची पावती, मूल्यांकन, छायाचित्र.

विमा हा उरलेला मार्ग, आणि आपल्या समाजात दुकानाचा विमा उतरवणारे पुष्कळ, घराचा उतरवणारे थोडे. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने प्रवेश झाल्याच्या खुणा पाहिल्या जातात, दागिने स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात. दुकानाच्या विमापत्रात बहुधा आणखी एक बारीक टंकातील कलम असते. धंद्याची वेळ संपल्यावर तिजोरीची किल्ली त्याच जागेत ठेवलेली असेल आणि तिनेच तिजोरी उघडली गेली असेल, तर दावा मान्य होत नाही. देवस्थानांच्या भंडारास दोन किल्ल्या करून त्या दोन निरनिराळ्या विश्वस्तांच्या घरी ठेवण्याची जुनी रीत आहे, ती कोणत्याही विमा कंपनीच्या आधीची. आपल्या घराघरांत मात्र तिजोरीची किल्ली आजही देव्हाऱ्याच्या खणात, हळदीकुंकवाच्या करंड्यामागे सापडते, आणि ती तेथे असते हे चोरालाही ठाऊक असते.