नभोवाणी आणि सिम्फनी वाद्यवृंद : बीबीसीच्या संगीत-प्रक्षेपणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

'ऑर्केस्ट्रा' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनासमोर चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम उभा राहतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तंतुवाद्ये, फुंकवाद्ये, पितळी वाद्ये व तालवाद्ये वाजविणारे सत्तर ते शंभर कलावंत लिखित स्वरलिपीवरून, एका संचालकाच्या नेतृत्वाखाली जे सामूहिक वादन करतात, ते सिम्फनी वाद्यवृंदाचे वादन होय. इतक्या कलावंतांना वर्षभर एकत्र ठेवणे हा सांगीतिक प्रश्न आहे तितकाच तो आर्थिक प्रश्नही आहे. दरबार, धनिक वर्ग व तिकीटविक्री हे या कलेचे पूर्वापार आधार होते. विसाव्या शतकात त्यांत नभोवाणीची भर पडली.

प्रस्तुत निबंधात ब्रिटनमधील बीबीसी या संस्थेच्या उदाहरणावरून या नव्या आश्रयाचे स्वरूप तपासले आहे. नभोवाणीने मैफल केवळ घरोघरी पोहोचविली, की मैफलीच्या अस्तित्वाचाच आधार बदलला, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

प्रॉम्स आणि नभोवाणी :

रॉबर्ट न्यूमन व संचालक हेन्री वुड यांनी १८९५ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये 'प्रॉमेनेड' मैफलींची परंपरा सुरू केली. अल्प दरात, प्रसंगी उभे राहून, सामान्य माणसास उत्तम संगीत ऐकता यावे हा त्यामागील हेतू होता. पुढे या मैफलींचा आर्थिक भार चॅपेल या संगीत-प्रकाशन संस्थेने उचलला. या संस्थेचे प्रमुख विल्यम बूझी हे नभोवाणीचे कट्टर विरोधक होते. घरबसल्या संगीत मिळू लागल्यास सभागृहे ओस पडतील, ही भीती त्या काळी अनेक आयोजकांना वाटत असे.

१९२७ मध्ये चॅपेलने अंग काढून घेतले आणि प्रॉम्स बंद पडण्याची वेळ आली. त्याच वर्षी राजसनदेद्वारे सार्वजनिक महामंडळ बनलेल्या बीबीसीने ही जबाबदारी स्वीकारली. ज्या माध्यमाकडून मैफलींना धोका असल्याचे मानले जात होते, त्याच माध्यमाने त्या वाचविल्या. यामागील अर्थकारण साधे होते. प्रत्येक रेडिओधारक वर्षाला दहा शिलिंग परवाना शुल्क भरत असे. सभागृहातील काही हजार आसनांऐवजी लाखो परवानाधारकांच्या अल्प वर्गणीवर मैफल उभी राहिली.

बदली वादकाकडून पगारी वादकाकडे :

लंडनच्या वाद्यवृंदांत तेव्हा 'बदली'ची पद्धत रूढ होती. अधिक मोबदल्याचे काम मिळाल्यास वादक आपल्या जागी दुसऱ्यास धाडीत असे. परिणामी तालमीस एक वादक, तर मैफलीस दुसराच, असा प्रकार घडे. वादकांना नियमित वेतन नसल्याने त्यांना दोष देणेही कठीण होते. बीबीसीने १९३० मध्ये स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद स्थापन केला आणि शंभराहून अधिक वादकांना पूर्णवेळ करारावर नेमले. एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली २२ ऑक्टोबर १९३० रोजी त्याची पहिली मैफल झाली. स्थिर वेतन व पुरेशा तालमी यांमुळे वादनाचा दर्जा इतका उंचावला की, १९३५ मध्ये आर्तुरो तोस्कानिनी यांच्यासारख्या अत्यंत काटेकोर संचालकानेही या वाद्यवृंदाचे संचालन केले.

१० मे १९४१ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल भस्मसात झाला. तथापि, प्रॉम्स रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये चालू राहिल्या. सभागृह गेले तरी परंपरा टिकली, कारण तिचा आधार वास्तूपुरता मर्यादित नव्हता.

आश्रयाच्या मर्यादा :

२९ सप्टेंबर १९४६ रोजी 'थर्ड प्रोग्रॅम' ही अभिजात कला-विचारांना वाहिलेली सेवा सुरू झाली. १९६७ मध्ये 'रेडिओ ३' अस्तित्वात आले. मात्र या सेवांचा श्रोतृवर्ग अल्पच राहिला. सर्वांच्या पैशातून मोजक्यांची अभिरुची का जोपासावी, हा आक्षेप त्यामुळे वारंवार उपस्थित झाला. तो सर्वस्वी गैरलागू म्हणता येत नाही. १९८० मध्ये खर्चकपातीसाठी बीबीसीने पाच वाद्यवृंद बरखास्त करण्याचे जाहीर केले, तेव्हा वादकांनी संप पुकारला आणि प्रॉम्सच्या अनेक मैफली रद्द झाल्या. तडजोडीअंती स्कॉटिश सिम्फनी वाद्यवृंद वाचला. मार्च २०२३ मध्ये इंग्लंडमधील वाद्यवृंदांची पगारी पदे सुमारे २० टक्क्यांनी घटविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हाही तीव्र निषेध झाला.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक आहे. एनबीसी या व्यापारी कंपनीने १९३७ मध्ये तोस्कानिनींसाठी वाद्यवृंद उभारला. १९५४ मध्ये ते निवृत्त होताच कंपनीने तो बंद केला. तेथे जाब विचारणारा परवानाधारक नव्हता.

भारतीय संदर्भ :

बीबीसीतून आलेले लायोनेल फील्डन १९३५ मध्ये भारतातील नभोवाणीचे प्रमुख झाले. मुंबई केंद्रावर १९३७ ते १९४६ या काळात वॉल्टर कॉफमन यांनी पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळला. १९५२ मध्ये आकाशवाणीने पं. रविशंकर यांच्या सहभागाने स्वतःचा वाद्यवृंद स्थापन केला. राजाश्रय ओसरलेल्या कलावंतास नभोवाणीचे वेतन वा मानधन हा किती मोठा आधार होता, हे आपल्याला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

निष्कर्ष :

१. नभोवाणीने सिम्फनी संगीताचा केवळ प्रसार केला नाही, तर वादकाला स्थिर वेतन देऊन वाद्यवृंदाला संस्थेचे रूप दिले.

२. सभागृहे ओस पडतील ही भीती खरी ठरली नाही. प्रक्षेपण व प्रत्यक्ष मैफल परस्परपूरक ठरल्या.

३. ज्या संस्थेने आधार दिला, तिच्या अंदाजपत्रकावर कलेचे भवितव्य अवलंबून राहिले. येथे कपात झाल्यास एखादा कार्यक्रम नव्हे, तर अनेक दशकांच्या सहवादनातून घडलेला समूहच नाहीसा होतो. असा समूह पैसा पुन्हा उपलब्ध झाला तरी लगेच उभा राहत नाही. म्हणूनच सार्वजनिक सांस्कृतिक संस्थांचे मूल्यमापन केवळ श्रोतृसंख्येवरून करणे अपुरे ठरते.