वर फेकलेला दगड आणि भास्कराचार्य

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे, तो त्याच्या अखेरच्या जुन्या मराठी ओळींमुळे. एका मठाला द्यावयाच्या देणग्या तेथे नोंदलेल्या आहेत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने हा मठ स्थापिला होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख प्रसिद्ध केला. तेव्हापासून खानदेशाला भास्कराचार्यांचा अभिमान आहे, आणि ‘न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी’ हे वाक्य त्या अभिमानाचे पालुपद झाले आहे. ते कितपत खरे?

इ.स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील गोलाध्यायात पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. पृथ्वी सतत खाली पडत आहे, या बौद्ध मताचे तेथे खंडनही आहे. वर फेकलेली जड वस्तू भूमीवर परत येते हे डोळ्यांनी पाहूनही पृथ्वी पडते असे कसे म्हणता, हा आचार्यांचा प्रश्न.

मग वस्तू परतूच नये म्हणून ती किती वेगाने फेकावी? हाच मुक्तिवेग. पृष्ठभागावरील गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराची दुप्पट करून वर्गमूळ काढले की तो मिळतो. पृथ्वीसाठी त्वरण सेकंदाला सेकंदागणिक ९.८ मीटर, त्रिज्या ६३७१ किलोमीटर; उत्तर सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर. चंद्राचे त्वरण १.६२ आणि त्रिज्या १७३७, तेथे २.४ पुरतात.

यांपैकी त्रिज्येची सामग्री आचार्यांजवळ होती. पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने, व्यास सुमारे १५८१ योजने, असे ते देतात. त्वरणाचे माप मात्र त्यांच्या श्लोकांत नाही. पडत्या वस्तूचा वेग कसा वाढतो, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडले. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, हे न्यूटनने १६८७ मध्ये. या दोन गोष्टींवाचून मुक्तिवेगाचे सूत्र सिद्ध होत नाही.

याने आचार्यांची थोरवी उणावत नाही. आकाश सर्व बाजूंनी सारखेच असता पृथ्वीने पडावे तरी कुठे, हा त्यांचा प्रतिप्रश्न आजही थक्क करतो. त्यांना न्यूटन ठरविण्याच्या घाईत नेमका तोच वाचायचा राहून जातो. चांगदेवाने मठ स्थापिला तो आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी. श्लोकात जे आहे तेवढेच, पण नीट वाचणे, हीच त्या अध्ययनाची पहिली अट.