सर्व्हर-बाजूची एकक चाचणी (जावा)

सर्व्हर-बाजूची एकक चाचणी (युनिट टेस्ट) म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावलीचा एखादा छोटा भाग, बहुधा एक क्लास किंवा एक मेथड, प्रत्यक्ष सर्व्हर, डेटाबेस अथवा नेटवर्क यांचा आधार न घेता स्वतंत्रपणे तपासणे होय. जावा भाषेत ही तपासणी मुख्यतः जेयुनिट या मुक्त स्रोत चौकटीच्या साहाय्याने केली जाते. एक्लिप्स, इंटेलिजे आयडिया आणि नेटबीन्स या तिन्ही प्रचलित विकास वातावरणांत (आयडीई) तिची सोय अंगभूत आहे. मात्र चाचणी चालते विकसकाच्या संगणकावर आणि आज्ञावली चालते सर्व्हरवर. या दोन ठिकाणांचा कालविभाग, भाषा-प्रदेश आणि अक्षरसंकेत वेगळे असू शकतात, आणि या प्रकारच्या चाचणीतील बऱ्याच अडचणी तेथूनच उद्भवतात.

पार्श्वभूमी

जेयुनिटची पहिली आवृत्ती केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात लिहिली. बेक यांनी त्यापूर्वी स्मॉलटॉक भाषेसाठी केलेली एसयुनिट ही चौकट तिचा आधार होती. सर्व्हर-बाजूच्या जावात सुरुवातीला हे तंत्र जड गेले, कारण सर्व्हलेट व एंटरप्राइज जावाबीन्स हे घटक कंटेनरबाहेर चालत नसत आणि प्रत्येक चाचणीसाठी सर्व्हर सुरू करावा लागे. अपाचे कॅक्टस या प्रकल्पाने चाचणीच कंटेनरच्या आत नेऊन चालवण्याचा मार्ग काढला. पुढे तो मागे पडला व २०११ मध्ये प्रकल्प निवृत्त करण्यात आला. टिकला तो उलटा मार्ग: आज्ञावलीच अशी लिहावी की तिला कंटेनरची गरज भासू नये, आणि डेटाबेससारख्या अवलंबनांच्या जागी नकली वस्तू (मॉक ऑब्जेक्ट) ठेवाव्यात. स्प्रिंग चौकट (आवृत्ती १.०, २००४) आणि नंतर आलेले मॉकिटो यांमुळे हा मार्ग रूढ झाला. जेयुनिट ५ ही आवृत्ती सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

विकास वातावरणातील मांडणी

मेव्हन वा ग्रेडलवर आधारित प्रकल्पात मूळ आज्ञावली ‘मेन’ फोल्डरमध्ये आणि चाचण्या त्याला समांतर असलेल्या ‘टेस्ट’ फोल्डरमध्ये ठेवतात. दोन्हींकडे पॅकेजची नावे सारखीच ठेवल्यास चाचणीला पॅकेजपुरत्या खुल्या असलेल्या मेथडही वापरता येतात. मेव्हनमध्ये जेयुनिटचे अवलंबन ‘टेस्ट’ व्याप्तीत नोंदवले जाते, म्हणजे ते सर्व्हरवर जाणाऱ्या संचात समाविष्ट होत नाही. एक्लिप्समध्ये क्लासवर उजवी कळ दाबून ‘रन ॲज’ मधून, तर नेटबीन्समध्ये ‘टूल्स’ मधून चाचणी तयार करून ती चालवता येते. इंटेलिजेमध्ये कंट्रोल-शिफ्ट-टी या कळा चाचणीचा सांगाडा तयार करून देतात.

नवख्याला सर्वाधिक फसवणारी चूक अगदी किरकोळ दिसते. जेयुनिट ४ आणि जेयुनिट ५ या दोन्हींत ‘टेस्ट’ नावाचे ॲनोटेशन आहे, पण ते वेगवेगळ्या पॅकेजांत. प्रकल्पात केवळ पाचव्या आवृत्तीचे इंजिन असताना चौथ्या आवृत्तीचे ॲनोटेशन आयात झाले, तर ती चाचणी अपयशी ठरत नाही. ती चालतच नाही. मेव्हनचा शुअरफायर हा घटक क्लासच्या नावावरून चाचण्या शोधतो. त्यामुळे नावाच्या शेवटी वा सुरुवातीला ‘टेस्ट’ नसलेला क्लास आयडीईत चालतो, पण बांधणीच्या वेळी वगळला जाऊ शकतो. हिरव्या पट्टीइतकेच चाललेल्या चाचण्यांच्या संख्येकडेही लक्ष द्यावे लागते ते यासाठी.

उदाहरण: तलासरीचा जिल्हा

तारखेनुसार बदलणारा नियम कसा तपासावा, हे महाराष्ट्रातील एका प्रशासकीय बदलावरून समजून घेता येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तलासरी, डहाणू, पालघर, वसई, विक्रमगड, जव्हार, मोखाडा व वाडा हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. शहापूर, मुरबाड, भिवंडी आदी तालुके ठाण्यातच राहिले. जुन्या नोंदींचे दाखले देणारी एखादी सर्व्हर-आज्ञावली लिहायची झाल्यास, तलासरीतील २०१२ च्या नोंदीवर तेव्हाचा जिल्हा म्हणून ‘ठाणे’ आणि २०१५ च्या नोंदीवर ‘पालघर’ यावे लागेल.

येथे २०१२ आणि २०१५ तपासून फारसे काही सिद्ध होत नाही. चूक सीमेवर असते. म्हणून ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०१४ या दोन तारखांची चाचणी आवश्यक ठरते. जेयुनिट ५ मधील प्राचलित चाचणी (पॅरामिटराइज्ड टेस्ट) वापरल्यास एकाच मेथडला आठही तालुक्यांची नावे देता येतात. शहापूरसाठी उत्तर दोन्ही दिवशी ‘ठाणे’च आले पाहिजे, ही नकारार्थी चाचणीही सोबत हवी, नाहीतर सरसकट ‘पालघर’ उत्तर देणारी मेथडसुद्धा निम्म्या चाचण्या पार करील.

खरा पेच कालविभागाचा आहे. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर (यूटीसी) ठेवलेले असतात आणि नोंदीचा क्षणही त्याच वेळेत साठवला जातो. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने तलासरीत १ ऑगस्टची मध्यरात्र झाली, तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात ३१ जुलैचे १८:३० वाजले होते. मेथडने यंत्राचा मूळ कालविभाग गृहीत धरला असेल, तर विकसकाच्या भारतीय वेळेवरील संगणकावर सर्व चाचण्या पार होतात, पण सर्व्हरवर १ ऑगस्टच्या पहिल्या साडेपाच तासांतील प्रत्येक नोंदीवर ‘ठाणे’ छापले जाते. म्हणून ‘एशिया/कोलकाता’ हा विभाग मेथडमध्येच स्पष्टपणे द्यावा, आणि ३१ जुलै २०१४, १८:२९:५९ व १८:३०:०० (यूटीसी) या दोन क्षणांसाठी अनुक्रमे ‘ठाणे’ व ‘पालघर’ ही उत्तरे तपासावीत. जेथे ‘आजची तारीख’ लागते, तेथे जावा ८ पासून उपलब्ध असलेला ‘क्लॉक’ हा क्लास बाहेरून पुरवल्यास चाचणीत घड्याळ हव्या त्या क्षणावर स्थिर करता येते.

आयडीईच्या ‘व्हीएम आर्ग्युमेंट्स’ मध्ये कालविभाग लिहूनही चाचणी पार करता येते. पण ती सोय त्या एका संगणकापुरतीच राहते.

मराठी मजकूर आणि अंक

‘तलासरी’ या शब्दाची लांबी जावा ६ सांगते, कारण काना व वेलांटी स्वतंत्र धरल्या जातात. वाचकाला मात्र चारच अक्षरे दिसतात. नावाच्या लांबीवर मर्यादा घालणाऱ्या मेथडची चाचणी म्हणूनच इंग्रजी नावांवर भागत नाही. ‘वऱ्हाड’मधील ‘ऱ’ एका संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. युनिकोडचे सामान्यीकरण (एनएफसी) केल्यास ही दोन रूपे एक होतात. पण युनिकोड ५.१ (२००८) मध्ये आलेला ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला ‘अॅ’ सामान्यीकरणानंतरही भिन्नच राहतात. दिसायला सारखी असलेली नावे शोधात न सापडण्याचे हे एक कारण आहे.

अंकांचे वर्तन याहून विसंगत आहे. ‘२०१४’ ही अक्षरमाला जावाची ‘पार्स-इंट’ मेथड बिनतक्रार पूर्णांकात बदलते, पण नियमित पदावलीतील अंकाचे चिन्ह मूळ स्थितीत केवळ इंग्रजी अंकच ओळखते. जावा ९ पासून भाषा-प्रदेशाची माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून घेतली जात असल्यामुळे, मराठी भाषा-प्रदेश निवडलेल्या यंत्रावर संख्या देवनागरीत छापली जाते. ती पडद्यावर शोभते; डेटाबेसच्या विधानात वा संकेतस्थळाच्या पत्त्यात गेली तर बिघाड होतो. शिवाय जावाचे स्वतःचे अंक-स्वरूपण शेवटचा एकच गट-आकार मानत असल्याने लाख-कोटींची विभागणी करत नाही. त्यासाठी आयसीयूफोरजे हे ग्रंथालय वापरतात. जावा १८ (२०२२) पासून यूटीएफ-८ हा मूळ अक्षरसंकेत झाला. त्याआधीच्या आवृत्त्यांत विंडोजवर संकेत न सांगता लिहिलेल्या फाइलीत मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येण्याचा संभव असे.

जावात मेथडचे नाव देवनागरीत ठेवता येते. तसे नको असल्यास ‘डिस्प्ले-नेम’ या ॲनोटेशनने निकालाच्या यादीत मराठी वाक्य दाखवता येते.

मर्यादा

नकली डेटाबेस नेहमी लेखकाने शिकवलेलेच उत्तर देतो. रकान्याची खरी लांबी, अक्षरक्रम किंवा व्यवहारांचे कुलूप यांतील दोष एकक चाचणीत दिसत नाहीत. स्मृतीत चालणारा एचटू डेटाबेस वापरूनही पोस्टग्रेएसक्यूएलचे सर्व वर्तन मिळत नाही. त्यासाठी खऱ्या डेटाबेसवर चालणाऱ्या संकलित चाचण्या (इंटिग्रेशन टेस्ट) वेगळ्या लिहितात. मेव्हनमध्ये त्या फेलसेफ या घटकाद्वारे चालवल्या जातात, आणि त्या संथ असल्याने आयडीईत प्रत्येक बदलानंतर नव्हे, तर बांधणीच्या शेवटच्या टप्प्यात चालवण्याची प्रथा आहे.