चव्वेचाळीस नंबरचा एर्नी

स्मरणिकेसाठी लेख मागायला संपादक मंडळातल्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "इतकी वर्षं अमेरिकेत काढलीस, तिकडचं काहीतरी लिही. पण बर्फ आणि डॉलर नकोत, ते सगळ्यांनी लिहून झालंय. इतिहासाचं लिहिलंस तर बरं, सर येणार आहेत." सर म्हणजे आपले इतिहासाचे सर. सन चुकला की अर्धा गुण कापायचे, आणि उत्तरात पदरचं काही घातलं की पूर्ण गुण कापायचे. त्यामुळे हा लेख लिहिताना जरा जपूनच लिहिला आहे.

फोन ठेवता ठेवता त्याने आणखी एक सांगितलं. या अंकात आपल्या १९८३ च्या बॅचमधल्या दिवंगत मित्रमैत्रिणींसाठी एक पान ठेवलं आहे. त्या पानावर पहिलं नाव आपल्या सेंटर फॉरवर्डचं असणार, हे मला न सांगताच कळलं. आणि त्याच क्षणी ठरलं की लिहायचं ते एर्नी डेव्हिसवर.

१९८९ साली मी न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात शिकायला गेलो. आईची पत्रं विभागाच्या पत्त्यावर यायची. तिला इंग्रजी पत्ता लिहायचा सराव नव्हता, त्यामुळे एरोग्रामवर पिनकोडचे आकडे ती मोठे आणि सुटे सुटे काढायची : १ ३ २ ४ ४. ऑफिसातल्या बाईंनी एकदा ते पाहिलं आणि शेवटच्या दोन आकड्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आमचे आकडे आहेत, ठाऊक आहे ना?" मला ठाऊक नव्हतं. मग कळलं की विद्यापीठाने हा पिनकोड मुद्दाम मागून घेतला होता. टेलिफोनचे नंबरही ४४३ पासून सुरू व्हायचे. कारण ४४ हा त्यांच्या फुटबॉल संघातल्या जर्सीचा नंबर. ती जर्सी आधी जिम ब्राऊनने घातली, मग एर्नी डेव्हिसने, मग फ्लॉइड लिटलने. तिघांतला मधला तेविसाव्या वर्षी गेला.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर कोल्हापूरकर मला सोडणार नाहीत. पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबचा सामना शाहू स्टेडियमवर पाहून मोठे झालेलो आपण. आपल्यासाठी फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा. तिकडचा फुटबॉल वेगळा. चेंडू लंबगोल, तो बहुतेक वेळ हातातच असतो, आणि तो घेऊन पळणाऱ्याला समोरच्या अकरा जणांनी आडवा पाडायचा. म्हणजे बरीचशी कबड्डी आणि थोडी कुस्ती. एर्नी हा चेंडू घेऊन पळणारा. आणि तिथे कॉलेजच्या संघांचे सामने पाहायला सगळं शहर लोटतं, जसं आपल्याकडे पेठेच्या संघासाठी लोटतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजेल.

एर्नीचा जन्म १४ डिसेंबर १९३९ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. वडिलांचा सहवास त्याला मिळालाच नाही. ते अपघातात गेले. आईच्या आईवडिलांनी त्याला युनियनटाउन या गावात वाढवलं. लहानपणी तो बोलताना अडखळायचा. बारा वर्षांचा असताना आईकडे, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी आला. तिथल्या शाळेत फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही खेळला. त्याच्या शाळेच्या बास्केटबॉल संघाने सलग ५२ सामने जिंकले. वर्तमानपत्रांनी त्याला 'एल्मायरा एक्स्प्रेस' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तो अजून शाळेतच होता.

अनेक कॉलेजं त्याच्या मागे होती. सिरॅक्यूजचे प्रशिक्षक बेन श्वार्ट्झवॉल्डर यांनी त्याला आणण्यासाठी जिम ब्राऊनची मदत घेतली. कृष्णवर्णीय मुलाला या कॉलेजात काय सोसावं लागेल आणि काय मिळेल, हे ब्राऊनइतकं कुणी सांगू शकलं नसतं. एर्नी आला आणि त्याला ब्राऊनचीच ४४ नंबरची जर्सी मिळाली.

त्या काळच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. म्हणून एर्नी मैदानात दिसला तो १९५९ साली, दुसऱ्या वर्षाला असताना. त्या मोसमात सिरॅक्यूज एकही सामना हरलं नाही. १ जानेवारी १९६० रोजी टेक्सासमधल्या डॅलस शहरात त्यांचा शेवटचा सामना होता, टेक्सास विद्यापीठाशी. एर्नीच्या मांडीचा स्नायू दुखावलेला. तरी सुरुवातीलाच त्याने एक पास झेलून टचडाउन केला; ती चाल एकूण ८७ यार्डांची होती. पुढे आणखी एक टचडाउन. सामना २३-१४ असा जिंकला, मोसम अकरापैकी अकरा विजयांचा झाला, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला एर्नी.

त्या संध्याकाळी पारितोषिक वितरणाची मेजवानी होती. तिथे सांगण्यात आलं की कृष्णवर्णीय खेळाडूंना बक्षीस घेता येईल, पण नंतर थांबता येणार नाही, कारण ती जागा फक्त गोऱ्यांसाठी आहे. ज्याच्यामुळे समारंभ, त्यालाच पंगतीतून उठवायचं. आपल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. पाणवठा आणि पंगत यांचा इतिहास सरांनी आपल्याला शिकवला आहे, आणि शाहू महाराजांच्या गावात शिकवला आहे.

कॉलेजच्या तीन मोसमांत एर्नी चेंडू घेऊन २,३८६ यार्ड धावला आणि ३५ टचडाउन केले. जिम ब्राऊनचे विक्रम मागे पडले. १९६१ साली त्याला हाइजमन करंडक मिळाला. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉल खेळाडूला हा मान १९३५ पासून देतात. तो मिळवणारा एर्नी हा पहिला कृष्णवर्णीय. राष्ट्राध्यक्ष केनेडी त्या दिवशी न्यूयॉर्क शहरात होते. त्यांनी मुद्दाम बोलावून त्याची भेट घेतली.

पुढच्या हंगामासाठी व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा सगळ्यांत पहिलं नाव एर्नीचं पुकारलं गेलं. हाही मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. निवडणारा संघ होता वॉशिंग्टनचा, आणि ही मोठी उपरोधाची गोष्ट. १९६१ पर्यंत त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, मालकाला ते नकोच होते. पण संघाचं नवं स्टेडियम सरकारी जमिनीवर होतं. केनेडींच्या मंत्र्याने बजावलं की भेदभाव चालू ठेवाल तर मैदान मिळणार नाही. तेव्हा नाइलाजाने दार उघडलं. एर्नीला मात्र तिथे जावं लागलं नाही; अदलाबदलीत वॉशिंग्टनला बॉबी मिचेल मिळाला आणि एर्नी क्लीव्हलंडकडे गेला. तिथे जिम ब्राऊन खेळत होता. ज्याचा नंबर घेतला, त्याच्याच खांद्याला खांदा लावून खेळायचं होतं.

तो खेळलाच नाही. १९६२ च्या उन्हाळ्यात, शिकागोजवळ एका प्रदर्शनीय सामन्याचा सराव चालू असताना तो आजारी पडला. निदान झालं रक्ताच्या कर्करोगाचं. आजाराचं खरं नाव त्याला सुरुवातीला सांगितलं नव्हतं. ते त्याला ऑक्टोबरमध्ये कळलं.

त्या मधल्या दिवसांतली एक रात्र मला फार मोठी वाटते. १८ ऑगस्ट १९६२. क्लीव्हलंडच्या स्टेडियममध्ये सरावाच्या मोसमातला सामना होता. दिवे मंद केले, एक प्रकाशझोत सोडला, आणि एर्नीचं नाव पुकारलं. तो धावत मैदानात आला. प्रेक्षक उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. क्लीव्हलंडच्या मैदानावर तो उतरला तो एवढाच. एकही सामना न खेळलेल्या या खेळाडूचा ४५ नंबर त्या संघाने पुढे कायमचा निवृत्त केला.

मार्च १९६३ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात त्याचा लेख आला. शीर्षकाचा अर्थ, 'मी दुर्दैवी नाही'. आपल्या वाट्याला आलेल्या वर्षांकडे पाहिलं तर स्वतःला अभागी म्हणता येत नाही, असं त्याचं म्हणणं. १८ मे १९६३ रोजी क्लीव्हलंडमध्ये तो गेला. वय २३. एल्मायरात त्याचं अंत्यदर्शन घ्यायला सुमारे दहा हजार माणसं आली. अंत्यविधीच्या वेळी केनेडींची तार वाचून दाखवली गेली. सहा महिन्यांनी केनेडीही गेले.

मित्रांनो, इथपर्यंतचा इतिहास कुठल्याही ग्रंथालयात मिळेल. मला सांगायचं आहे ते यानंतरचं. माणूस गेल्यावर त्याला जपायचं कसं?

एर्नीला त्याच्या माणसांनी खूप जपलं. त्याची शाळा जिथे भरायची, त्या इमारतीतल्या शाळेला त्याचं नाव दिलं. फ्लॉइड लिटलला सिरॅक्यूजला यायचा आग्रह खुद्द एर्नीनेच केला होता. एर्नी गेल्याचं कळल्यावर लिटलने शब्द पाळला आणि ४४ नंबर पुढे नेला. २००५ साली विद्यापीठाने तो नंबर समारंभपूर्वक निवृत्त केला. २००८ साली त्याच्यावर हॉलीवूडने चित्रपट काढला, आणि विद्यापीठात त्याचा पुतळा उभा राहिला.

आणि इथेच घोटाळा झाला. पुतळ्याच्या अंगावर ज्या कंपनीचं चिन्ह आलं, ती कंपनी एर्नी हयात असताना अस्तित्वातच नव्हती. हेल्मेटही आजच्या पद्धतीचं. लोकांनी चूक दाखवली आणि पुतळ्याच्या दुरुस्तीचं काम काढावं लागलं.

चित्रपटाची गोष्ट याहून गंभीर. त्यात १९५९ सालचा वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धचा सामना आहे. परक्या गावातले प्रेक्षक एर्नीला शिव्या देतात, बाटल्या फेकतात. मी तो थिएटरात पाहिला आणि रडलो. दुसऱ्या दिवशी कामावर चार जणांना सांगितलंही. नंतर वाचलं की त्या वर्षीचा तो सामना वेस्ट व्हर्जिनियात झालाच नव्हता. तो सिरॅक्यूजच्या घरच्या मैदानावर झाला, आणि सिरॅक्यूजने तो ४४-० असा जिंकला. त्या गावच्या लोकांना या चित्रणाचं वाईट वाटलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

मला तेव्हा खरोखर चुटपुट लागली. डॅलसची मेजवानी खरी आहे. वॉशिंग्टनच्या संघाचं बंद दार खरं आहे. जे घडलं तेच इतकं जड आहे, त्यात न घडलेलं कशाला मिसळायचं? एक खोटी बाटली सापडली की उद्या कुणी म्हणेल, मेजवानीचंही असंच रचलेलं असेल. प्रेमाने घातलेली भर शेवटी त्या माणसाच्याच साक्षीला कमजोर करते. सर पूर्ण गुण का कापायचे, हे मला वयाच्या चाळिशीत समजलं.

एल्मायराच्या वुडलॉन स्मशानभूमीत मी प्रथम गेलो तो मार्क ट्वेनची कबर पाहायला. एर्नीही तिथेच आहे, हे तिथे गेल्यावर कळलं. त्याच्या कबरीपाशी उभा असताना मला आपला सेंटर फॉरवर्ड आठवला, आणि एक जुनी लाज आठवली.

तो एकविसाव्या वर्षी काविळीने गेला, कॉलेजच्या संघातून खेळत असताना. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. सुट्टीत आलो आणि त्याच्या घरी गेलो. बोलायचं काय ते सुचेना, म्हणून नववीतल्या आंतरशालेय अंतिम सामन्याची गोष्ट काढली. आपण ३-१ ने जिंकलो होतो. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी तिन्ही गोल त्यानंच मारले होते." चूल फुंकता फुंकता मावशी म्हणाल्या, "दोनच मारलते रे त्यानं. तिसरा दुसऱ्या पोरानं मारलता. घरी येऊन हाच सांगत हुता, त्याचा गोल लई भारी झाला म्हणून. ज्याचं त्याला द्या की."

आता आपल्या ग्रुपवर तो सामना पुन्हा पुन्हा निघतो. गेल्या दिवाळीत त्याचे गोल चार झाले होते. मी दुरुस्ती केली नाही, कारण सगळे प्रेमाने लिहीत होते. आज करतो.

त्या सामन्यात त्याने दोन गोल केले. पहिला डाव्या पायाने, दुसरा हेडर. तिसरा गोल आपल्या लेफ्ट आउटचा होता. तो मित्र स्नेहमेळाव्याला येणार आहे, आणि इतक्या वर्षांत त्याने स्वतः हे कधीही बोलून दाखवलेलं नाही. त्याच्यापाशी जाऊन तो गोल कसा झाला ते विचारा. आणि आपल्या सेंटर फॉरवर्डविषयी ज्याला जे नक्की आठवतं, तेवढंच एका कागदावर लिहून संपादक मंडळाकडे द्या. चार ओळी असल्या तरी चालतील. पुढच्या स्मरणिकेत ते पान त्याचं असावं, आणि सरांना त्यात गुण कापायला जागा सापडू नये.